वजा विलंबाची तार

१

उशीर हा आपल्याकडे गुन्हा नाही, ते आपलं हवामान आहे. एसटी उशिरा येते, कालव्याचं पाणी उशिरा सुटतं, पुढाऱ्याचं भाषण उशिरा सुरू होतं आणि त्याहून उशिरा संपतं. माहिती अधिकारात विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर तर अशा वेळी येतं की आपण काय विचारलं होतं हे विचारणाऱ्यालाच आठवत नाही. त्यामुळे एखादी गोष्ट चुकून वेळेआधी आली तर आपण तिची चौकशी करत नाही. तिला हार घालतो.

स्नेहलच्या बाबतीत नेमकं हेच झालं.

नगरच्या एमआयडीसीत, एका पत्र्याच्या शेडमध्ये भागवतरावांची छोटी कंपनी होती. दुधाचं फॅट मोजणारी मशीनं तिथं तयार होत. वाटीत दूध ओतायचं, त्या दुधातून माणसाला ऐकू न येणारा एक बारीक आवाज सोडायचा, आणि त्याला पलीकडे पोचायला किती वेळ लागला ते मशीनच्या पोटातल्या चिपनं मोजायचं. वेळेवरून फॅट. ही चिप कोऱ्या पाटीसारखी येते. तिच्या आत लाखो बारीक तारा आणि फाटे असतात. कुठली तार कुठं जोडायची हे संगणकावर बसून ठरवावं लागतं. ते ठरवण्याची नोकरी स्नेहलची.

तिची डिझाइन कित्येक आठवडे नापास होत होती. संगणक प्रत्येक तारेचा विलंब बेरजेला धरतो आणि शेवटी सांगतो, बाई, तुझा निरोप उशिरा पोचतोय. प्रत्येक नापासानंतर भागवतराव येऊन उभे राहत. का नापास? कुठं नापास? कुणामुळे नापास?

आणि एका सकाळी ती पास झाली. नुसती पास नाही, पहिल्या वर्गात.

भागवतरावांनी एकही प्रश्न विचारला नाही, पेढे मागवले. शेजारच्या टेबलावरच्या आरतीनं तीन पेढे खाल्ले आणि चौथा रुमालात बांधला. स्नेहलनंही विचारलं नाही. या धंद्यातली ही जुनी खोड आहे. नापास झालं तर सगळ्या चिपचं शवविच्छेदन करतील, पास झालं की कुणी नाडीसुद्धा बघत नाही. तिनं ‘ओके’ लिहून सही केली, कारण पहिलं मशीन कुठं जाणार हे तिनं आधीच ठरवून ठेवलं होतं.

ते जाणार होतं कोल्हारला, तिच्या वडिलांच्या दूध केंद्रावर.

२

मच्छिंद्रआण्णा दूध केंद्र चालवायला लागले तेव्हा स्नेहल अंगणवाडीत होती. तेव्हापासून गावात एक शब्द फिरत होता. अंगठा.

आधीच्या पद्धतीत काचेच्या नळीत दूध आणि ॲसिड घालून ती नळी फिरवायची आणि मग उजेडात धरून तिच्यावरचा आकडा वाचायचा. आण्णा नळी धरत, आण्णाच आकडा वाचत. आणि गाव म्हणे, वाचताना मच्छिंद्राचा अंगठा नळीवर जरा वर सरकतो, आणि त्या अंगठ्याखाली आपलं फॅट जातं. तोंडावर कुणी म्हणत नसे. पारावर, लग्नाच्या पंगतीत, टपरीवर म्हणत. शाळेत एका पोरानं स्नेहलला अंगठा दाखवला होता. तिनं त्या पोराला मारलं, घरी येऊन रडली, पण आण्णांना काही विचारलं नाही. आण्णांचा अंगठा खरंच सरकतो का, हा प्रश्न गावात ज्यानं त्यानं पाठीमागे केला होता. तेवढ्या एकीनं केला नव्हता.

आणि म्हणूनच ती इंजिनिअर झाली, असं म्हटलं तर फार नाटकी होईल. पण खोटं होणार नाही.

मशीनला अंगठा नसतो. शिवाय ते बोलतं. निकाल सगळ्यांना ऐकू जावा म्हणून भागवतरावांनी त्यात आवाज घालायचं ठरवलं आणि बाहेरची बाई परवडत नाही म्हणून स्नेहललाच बसवलं. स्टोअररूममध्ये, डोक्यावरून गोधडी घेऊन, घामानं निथळत तिनं आकडे म्हटले, आणि मग ‘सभासद’, ‘फॅट’, ‘पूर्णांक’, ‘पाणी आढळलं’, ‘पुन्हा ओता’, ‘थांबा’, ‘धन्यवाद’. मशीनला एवढेच शब्द येत होते.

पहिल्या आठवड्यात आण्णांचा फोन आला तो हसतच.

“स्नेहल, लई झ्याक चाललंय. कुनी शब्द काढत न्हाई. काल तर पारावरच्यांनी मला बोलवून च्या पाजला.”

“मग? मी सांगत होते ना.”

“फकस्त कडूबाई म्हनती, मच्छिंद्राची पोर लई घाईची.”

“का?”

“म्हनती, माझं दूध अजून वाटीत पडतंय तवर पोर आकडा सांगून मोकळी.”

स्नेहल हसली. फोन ठेवला. आणि मग हातातलं बिस्कीट चहात बुडवून तशीच बसली, बिस्कीट तुटून तळाला जाईपर्यंत.

वाटीत दूध भरल्याशिवाय आवाज सुटतच नाही. मग आकडा कशाचा?

३

संगणकात एक काळी खिडकी असते. तिथं आज्ञा टाइप करून चिपची उलटतपासणी घेता येते. ‘गेट स्पीड मॉडेल्स’ अशी ती आज्ञा. ती दिली की चिपमधल्या प्रत्येक भागाच्या विलंबाचं मॉडेल हजर होतं, आणि मग एकेकाला विचारायचं: तुझं नाव काय, तू तार की फाटा, आणि तुझ्यातून जायला निरोपाला किती वेळ लागतो? उत्तर पिकोसेकंदात येतं. एका सेकंदाचे एक लाख कोटी तुकडे केले तर त्यातला एक. आमदारांच्या आश्वासनाइतकी बारीक गोष्ट, पण मोजता येते.

स्नेहलनं, पेढे पचल्यावर, ते विचारलं जे आधी विचारायला हवं होतं. माझी डिझाइन ज्या तारांवरून गेली त्या सगळ्यांचा विलंब सांग.

उत्तरं आली. इतके, तितके, त्याहून थोडे जास्त. आणि मध्येच एक तार, जिच्या आकड्याच्या आधी एक आडवी रेघ होती.

वजा.

म्हणजे त्या तारेतून निघालेला निरोप निघण्याच्या आधी पोचत होता.

“आरती, इकडे बघ.”

आरती खुर्चीसकट सरकत आली. “वजा? अगं, टूलचा घोळ असेल. बंद करून चालू कर.”

बंद करून चालू केलं. आपल्याकडच्या तंत्रज्ञानाचा हा पहिला आणि शेवटचा उपाय आहे. पुन्हा विचारलं. वजा. आकडा मगापेक्षा मोठा.

“आणि कळलं का,” स्नेहल म्हणाली, “डिझाइन पास का झाली ते? टूलला जवळचा रस्ता शोधायचा असतो. त्याला ही एक तार सापडली आणि सगळं त्यानं हिच्यावरून नेलं. जो निरोप बघावा तो हिच्याच दारातून.”

“मॉडेल म्हणजे फाइलमधला आकडा गं. चिपला काय माहीत फाइलमध्ये काय लिहिलंय?”

हे अगदी बरोबर होतं. स्नेहलनं स्वतःला तेच सांगितलं. फाइलमध्ये कुणीतरी चूक केली. चुकीच्या आकड्यानं डिझाइन पास दाखवली, म्हणजे खरी चिप बिघडायला हवी, तिनं चुकीचं फॅट सांगायला हवं. पण कोल्हारचं मशीन चुकत नव्हतं. आणि समजा आकडा खरा असला, तरी पिकोसेकंदाचा तुकडा आधी आला काय अन् नंतर काय, कडूबाईच्या कानांना कळणार कसा?

तिनं पुन्हा विचारलं. पुन्हा वजा, आणि आकडा आणखी लांब झालेला. कुणी विचारलं की त्याला बळ येत होतं, असं वाटलं. तिनं चौथ्यांदा विचारलं नाही.

भागवतराव मागे कधी येऊन उभे राहिले होते कुणास ठाऊक.

“वजा म्हणजे वेळ वाचतोय ना?” ते म्हणाले. “मग चेहरा का पाडून बसलीस? गिऱ्हाइकाला हेच सांगू. वेळेआधी निकाल!”

४

शनिवारी सकाळी ती कोल्हारला केंद्रावर जाऊन बसली. ओली फरशी, सोड्याचा वास, पत्र्याला लटकलेला एक बल्ब. बाहेर कॅनची रांग, आणि रांगेतल्या माणसांच्या तोंडी ऊस, पाहुणे, आणि कुणाच्या तरी मोडलेल्या सोयरिकी. टेबलावर ते मशीन. ओल्या हातांचे ठसे अंगभर वागवत, एखाद्या गरीब पोरासारखं.

“सभासद बारा. फॅट चार पूर्णांक एक,” मशीन म्हणालं.

सभासद बारा तेव्हा दारात चप्पल काढत होता. त्यानं मान डोलावली, आत आला, दूध ओतलं. मशीन गप्प. आण्णांनी पुढच्याला खूण केली.

स्नेहल मशीनजवळ सरकली. तिचाच आवाज. स्टोअररूममधली ती गोधडीतली कोंडी तिला त्यात ऐकू येत होती.

“आण्णा, हे कधीपासून?”

“काय?”

“आधी बोलतंय ते.”

“आगं, बरंच हाय की. रांग लौकर सरती.” आण्णांच्या चेहऱ्यावर ती लहान असताना कधी न पाहिलेली ऐट होती. “अन् चुकत न्हाई. दोघातिघांनी मागाहून जुन्या नळीत घालून पायलं. त्योच आकडा.”

तेवढ्यात मशीन पुन्हा बोललं.

“सभासद एकवीस. पाणी आढळलं. पुन्हा ओता.”

सगळ्या माना वळल्या. सभासद एकवीस म्हणजे कडूबाई. ती रांगेच्या पार टोकाला, नळाजवळ उभी होती. कॅनचं झाकण घट्ट बसलेलं.

कडूबाईला गाव तिच्या तोंडासाठी ओळखत असे. ते तोंड आता उघडलं.

“कोन म्हनलं पानी? माझ्या कॅनाचं झाकन अजून उघडलं न्हाई आन् ह्ये डबडं मला पानी म्हनतंय व्हय! मच्छिंद्रा, तुझ्या पोरीला आवर!”

“मी काही बोलले नाही, काकू,” स्नेहल म्हणाली.

“आवाज तर तुझाच हाय की!”

रांगेतला एक जण हळूच म्हणाला, “काकू, मशीन खोटं बोलत न्हाई पन.”

एवढंच म्हणायला नको होतं. कडूबाईनं डाव्या हातानं झाकण उपटलं, उजव्या हातानं नळाखालचा मग भरला, आणि सगळ्या गावासमोर ते मगभर पाणी भडभड कॅनमध्ये ओतलं.

“घे! पानी पायजे ना तुला? ह्ये घे पानी! आता बोल!”

ती रांग तोडून आत आली आणि तिनं त्या दुधाचं माप मशीनच्या वाटीत पालथं केलं.

मशीन काहीच बोललं नाही. त्याचं बोलून झालं होतं.

“बरोबर निघालं की,” आण्णा म्हणाले. आणि लोक हसले. टाळ्यासुद्धा वाजल्या. कडूबाई त्या टाळ्यांमध्ये रिकामं माप धरून उभी राहिली.

“पन मी घालनार नव्हते रं,” ती म्हणाली. अगदी हळू. “खरंच सांगते. मी घालनार नव्हते.”

५

दुपारी सगळे गेल्यावर स्नेहलनं आण्णांना समजावलं. कॅन उपडे घातलेले होते, त्यांतून पाणी ठिबकत होतं.

“आण्णा, आमच्यात दोन चुका असतात. निरोप उशिरा आला ही एक. ती सोपी. चिपचं घड्याळ सावकाश केलं की दुरुस्त होते. दुसरी चूक म्हणजे निरोप आधी आला. तिला औषध नाही. का, तर पहिली गोष्ट हातात धरून पुरती बघायच्या आत दुसरी येते, आणि पहिली पुसून टाकते.”

“मंजे?”

“म्हणजे कडूकाकूंचं दूध आज चांगलं होतं. ते कुणी बघितलंच नाही. आधी निकाल आला, आणि निकालानं दूध पुसलं.”

आण्णांनी कॅन पुसायचं फडकं खांद्यावर टाकलं. “स्नेहल, लोकं माझ्याबद्दल काय म्हनत हुते तुला ठावं हाय ना? आता न्हाई म्हनत. मशीन आल्यापासून एकानं बी न्हाई. तू म्हनतीस त्यात बिघाड हाय. आसंल. पन बिघाडानं का हुईना, माझं नाव धुतलं गेलंय.”

तिनं विषय बदलायचं ठरवलं. सकाळपासून ते उभे होते, त्यांचा चहा तरी झाला का,

“व्हय, दोनदा घेतला,” आण्णा म्हणाले.

स्नेहलचं तोंड अर्धं उघडलेलं होतं. आण्णा कॅन लावायला लागले. त्यांच्या काही लक्षात आलेलं दिसलं नाही.

बाप आहे, तिनं स्वतःला समजावलं. लेक आता काय विचारणार हे बापाला कळतंच. दुपार झाली की मुली चहाचंच विचारतात. त्यात काय मोठं? परतीच्या बसमध्ये ती हेच घोकत होती. कंडक्टर जवळ आला आणि तिनं तोंड उघडण्याआधी “नगर एक” म्हणून तिकीट फाडून गेला, तेव्हा तिनं तेही घोकण्यात धरलं. ती रोजचीच प्रवासी नव्हती, पण कंडक्टर हुशार असतात.

६

सोमवारी भागवतरावांच्या शेडबाहेर टेम्पो उभा होता. त्याच डिझाइनची आणखी मशीनं कर्जतकडे जायची होती.

“साहेब, टेम्पो थांबवा,” स्नेहल म्हणाली. “मी ती तार बंद करते. वापरायचीच नाही अशी आज्ञा देते टूलला. मशीन सावकाश चालेल, पण,”

“सावकाश? अगं, लोक पुढं जायला धडपडतात आणि तू ब्रेक लावतेस?”

“साहेब, ते दूध ओतायच्या आधी बोलतं.”

“मग दूध वाचतं!”

भागवतरावांसारखी माणसं देश चालवतात, म्हणून देश असा चालतो.

“तुम्ही इथं बसा,” स्नेहल म्हणाली. “मी तुमच्यासमोर विचारते.”

भागवतराव बसले. आरतीही खुर्ची सरकवत आली. स्नेहलनं काळी खिडकी उघडली, आणि काय विचारायचं हे ठरवायला म्हणून दोन्ही हातांनी चहाचा कप धरला.

खिडकीत उत्तर आलं.

आज्ञेची ओळ कोरी होती. तिच्या खाली त्या तारेचं नाव, आणि वजाचं चिन्ह, आणि आकडे. ते आकडे खिडकीच्या उजव्या कडेपर्यंत गेले, पुढच्या ओळीवर आले, तिथूनही पुढे निघाले. स्नेहलचे हात कपावरच होते.

“तू टाइप केलं होतंस,” आरती म्हणाली.

“माझे हात बघ.”

“मघाशी केलं असशील.”

“आरती, तू पाहिलंस ना?”

“मी काही पाहिलेलं नाही,” आरती उठत म्हणाली. “माझं लग्न ठरलंय.”

भागवतरावांनी आकड्यांच्या ओळी बोटानं मोजल्या. मग ते स्नेहलकडे न बघता म्हणाले, “हे आत्ता जे आलं, ते मी विचारणार होतो. किती वजा, असं. माझ्या मनात आलं होतं.” त्यांनी कपाळ पुसलं. “थांबव टेम्पो. बंद कर ती तार. सावकाश तर सावकाश. आपण म्हणू, घाईचं काम नाही, अचूक काम. तसं छापून घेऊ.”

तिनं ती तार वर्ज्य केली. डिझाइन पुन्हा चालवली. नापास. मग घड्याळ सावकाश केलं, आणि ती काठावर पास झाली, आपल्यातल्या बहुतेकांसारखी. पास झाल्यावरही या वेळी तिनं एकेका तारेला विचारलं. एकही वजा नव्हती.

उरलं होतं एक मशीन. कोल्हारचं.

७

ती पोचली तेव्हा केंद्र रिकामं होतं. आण्णा कॅन धूत होते. तिनं लॅपटॉप टेबलावर ठेवला, केबल काढली. आता विचारावं लागणार होतं. ज्या माणसाला आयुष्यात पहिल्यांदा पारावर बोलावून चहा मिळाला, त्याला म्हणायचं, तुमचं ते मशीन मी,

“काढ,” आण्णा म्हणाले.

तिनं वळून पाहिलं.

“ती तार का फार, काढून टाक. कडूबाई माझ्याशी बोलंना झालीया. शिव्या बी देईना. दूध घालती, मान खाली घालून जाती. परवा म्हनली, भाऊ, माझ्या हातात काय हाय ते मला आता मशीन सांगतंय. कडूबाईनं आसं बोलायचं मंजे,” त्यांनी वाक्य सोडून दिलं. “काढ.”

तिनं केबल जोडली.

“थांबा,” मशीन म्हणालं.

तिचा हात थांबला. स्वतःच्याच आवाजात कुणी थांबा म्हटलं तर माणूस थांबतो. कुठलं तरी बटण दाबलं गेलं असेल, तिनं ठरवलं. बल्बभोवती एक किडा फिरत होता, आणि त्याचा आवाज उगाच मोठा वाटत होता.

“धन्यवाद,” मशीन म्हणालं.

अजून तिनं काहीच केलं नव्हतं. मग तिनं बटण दाबलं. लॅपटॉपवर नव्या फाइलची पट्टी भरायला लागली. डावीकडून उजवीकडे, अगदी सरकारी वेगानं.

“व्हय,” आण्णा तिच्या पाठीमागून म्हणाले.

तो आवाज चहाचा नव्हता. पंचांसमोर उभं राहिलेला माणूस जसा बोलेल, तसा होता.

“काय व्हय, आण्णा?”

“तू इचारलंस न्हवं?”

“मी काही नाही विचारलं.”

“इचारलंस, पोरी. आत्ताच.”

आण्णांचा उजवा हात ओला होता. त्यांनी तो धोतराला पुसला, आणि पुसता पुसता अंगठा मुठीत आत घेतला. की तसं तिला दिसलं. बल्ब एकच होता आणि तोही तिच्या पाठीशी.

“मंग इचारनार आसशील,” असं म्हणून आण्णा कॅन धुवायला गेले. सगळे कॅन धुऊन झालेले होते.

पट्टी भरली. मशीन बंद पडून पुन्हा चालू झालं, आणि मुकाट्यानं दुधाची वाट बघू लागलं.

८

आता कोल्हारचं मशीन रीतसर उशीर करतं. दूध ओतायचं, थांबायचं, मान खाजवायची, मग आकडा. रांग पुन्हा लांब झाली आहे. कडूबाई पूर्ववत झाली आहे. “म्हातारं झालं का काय ह्ये डबडं!” असं ती रोज म्हणते, आणि रांगेतल्यांना बरं वाटतं. आणि आता मध्ये थांबायला वेळ मिळतो म्हणून त्या वेळात लोक जुनं बोलणंही काढायला लागले आहेत. मच्छिंद्र मशीनवर बी अंगठा ठेवतो का काय?

स्नेहल आण्णांना रोज फोन करते. तिला एक काम आहे. प्रश्नाआधीच आलेला तो ‘व्हय’ अजून मोकळा फिरतो आहे. त्याला एखाद्या साध्या प्रश्नाला लावून संपवायचा.

“आण्णा, जेवलात का?”

“न्हाई, बसतोय आता.”

“गोळी घेतली?”

“न्हाई गं, इसरलो.”

“लाइट आहे का तिकडं?”

“न्हाई.”

“म्हैस व्याली?”

“न्हाई.”

आरतीला तिनं अर्धंमुर्धं सांगितलं. आरती म्हणाली, “एवढंच ना? असा प्रश्न विचार की हो म्हणावंच लागेल. मी तुमचीच मुलगी ना, असं विचार.”

तिनं तेही करून पाहिलं.

“न्हाई,” आण्णा खदखदा हसत म्हणाले. “तू तुझ्या आईची. सगळी अक्कल तिकडचीच.”

रविवारी ती घरी गेली. आण्णा ओट्यावर बसले होते. तिनं चहा ठेवला आणि त्यांच्यासाठी काचेचा पेला काढला. आण्णांनी रिकामा पेला हातात घेतला, उजेडाकडे धरला, काचेवर डाग आहे का ते पाहिलं. अंगठा पेल्याच्या काठाजवळ होता.

“स्नेहल,” ते म्हणाले, “तुला काहीतरी इचारायचंय.”

“नाही आण्णा.”

“इचारून टाक. मी उत्तर दिऊन बसलोय. ह्ये आसं आधी दिलेलं लई जड जातं बग.”

आत चहा उतू जायच्या बेतात होता. तिनं पेल्याकडे पाहिलं, अंगठ्याकडे पाहिलं. लहानपणी ज्या पोराला तिनं मारलं होतं त्याचं नाव तिला एकदम आठवलं.

“साखर घालू का चहात?” तिनं विचारलं.

आण्णांनी पेला खाली ठेवला.

“न्हाई,” ते म्हणाले, आणि वाट बघत राहिले.